मोदक, लॅब्रेडोर आणि धीर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्राणिवर्तन हा विषय मी अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवला. त्यामुळे कुत्र्यांविषयी प्रश्न येणे मला सवयीचे आहे. या वेळी मात्र आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे मुलांविषयी होती आणि एक तर लिहिणाऱ्याने स्वतःविषयीच लिहिले होते. विषय सगळ्यांचा एकच होता : समोर दिसणाऱ्या गोष्टीकडे झेपावणारा हात, पंजा किंवा चोच थांबते कशी, आणि हे थांबणे शिकवता येते का. म्हणून पाच प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. गणपतीत नैवेद्य दाखवण्याआधीच त्याने ताटातला मोदक उचलला. त्यानंतर मी एका व्हिडिओत पाहिलेली चाचणी घरी करून पाहिली. त्याच्यासमोर एक पेढा ठेवला आणि मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, असे सांगून आत गेले. त्याने अर्ध्या मिनिटात पेढा संपवला. अशी मुले पुढे आयुष्यात मागे पडतात, असे त्या व्हिडिओत म्हटले होते. मला फार काळजी वाटते. (सातारा)

उत्तर : काळजी करू नका. अर्ध्या मिनिटात संपलेल्या पेढ्यावरून साडेचार वर्षांच्या मुलाचे भविष्य कोणालाही सांगता येत नाही.

ही चाचणी वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. मुलासमोर मार्शमॅलो किंवा त्याच्या आवडीचा दुसरा खाऊ ठेवायचा आणि प्रयोग करणाऱ्याने खोलीबाहेर जायचे. मूल थांबले तर त्याला दुप्पट खाऊ मिळे आणि धीर सुटला तर घंटी वाजवून तो एकच खाता येई. त्यातल्या काही मुलांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा जास्त वेळ थांबलेली मुले मोठेपणी परीक्षेत सरस ठरल्याचे दिसले आणि तेवढीच गोष्ट जगभर पसरली. पण ती मुले बहुतेक विद्यापीठाच्या परिसरातल्या सुशिक्षित घरांतली होती आणि पाठपुरावा झालेल्यांची संख्याही थोडी होती. 2018 मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हाच संबंध पुन्हा तपासला गेला, तेव्हा तो निम्म्याने कमी भरला आणि घरची परिस्थिती व आईचे शिक्षण अशा गोष्टी हिशेबात घेतल्यावर जे उरले ते अगदीच थोडे होते.

मला स्वतःला या चाचणीतला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो आणि तो व्हिडिओंमध्ये सहसा येत नाही. मिशेल यांना मुलांची प्रतवारी लावायची नव्हती. मूल थांबते तेव्हा ते नेमके काय करते, हे त्यांना पाहायचे होते. खाऊ नजरेसमोर असला की मुले लवकर हार मानत आणि तोच झाकून ठेवला की बराच जास्त वेळ थांबत. जी मुले थांबत, ती खाऊकडे रोखून पाहत दात-ओठ खात बसलेली नसत. ती डोळ्यांवर हात घेत, पाठ फिरवत, गाणे म्हणत, स्वतःच्या बोटांशी खेळत. म्हणजे ज्याला आपण मनावरचा ताबा म्हणतो, तो त्या वयात बव्हंशी नजर दुसरीकडे नेण्याचे कसब असते, आणि कसब शिकवता येते. पुढच्या वर्षी मोदकांचे ताट केळीच्या पानाने झाकून ठेवा आणि आरतीची घंटा मुलाच्या हातात द्या. हात आणि लक्ष दोन्ही गुंतले की थांबणे त्याला किती सोपे जाते, ते तुम्हालाच दिसेल.

दुसरी गोष्ट विश्वासाची आहे. 2013 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात एक प्रयोग झाला. त्यात चाचणीपूर्वी काही मुलांना चांगले रंगखडू आणून देतो असे सांगून ते खरोखर आणून दिले आणि इतर मुलांना तेच आश्वासन देऊन, ‘नाहीत गं शिल्लक’ असे म्हणत रिकाम्या हातांनी परत आले. शब्द पाळणाऱ्या माणसासमोर मुले सरासरी बारा मिनिटे थांबली आणि शब्द मोडणाऱ्यासमोर तीनच मिनिटे. ज्या मोठ्या माणसाच्या बोलण्याचा भरवसा नाही, त्याच्या दुसऱ्या पेढ्यासाठी पहिला सोडणे हा मुलाच्या दृष्टीने तोट्याचाच व्यवहार असतो. ‘नंतर देते’ असे आपण दिवसभरात कितीदा म्हणतो आणि त्यातले कितीदा देतो, याचा हिशेब मुले ठेवतात. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. प्रत्येक घरात असे होते. मात्र मुलाला धीर शिकवायचा असेल, तर सुरुवात आपल्या ‘नंतर’पासून करावी लागते.

घरची रीतही इथे मोठे काम करते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी आणि अमेरिकी मुलांची तुलना केली होती. जपानी मुले खाऊसाठी जास्त वेळ थांबली, तर अमेरिकी मुले कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी. याचे कारण उघड आहे. जपानमध्ये सर्वांचे ताट वाढून होईपर्यंत जेवायला सुरुवात करायची नसते आणि अमेरिकेत नाताळच्या भेटी वेळेआधी उघडायच्या नसतात. जे थांबणे रोजच्या रिवाजात मुरले आहे, ते मुलाला जड जात नाही. आपल्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत न खाणे हा नेमका असाच रिवाज आहे, परंतु तो वर्षातून चार-सहा दिवसच पाळला जात असेल, तर त्याची सवय कशी व्हावी? रोज रात्री सगळ्यांची पाने वाढून होईपर्यंत दोन मिनिटे थांबणे, एवढे पुरेसे आहे.

एका दिवसाची चाचणी आणि अनेक वर्षांचे वागणे यांत फरक आहे, हेही सांगायला हवे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा माग आजवर काढला जात आहे. तिसऱ्या ते अकराव्या वर्षांपर्यंत पालक, शिक्षक आणि निरीक्षक यांनी वेळोवेळी केलेल्या नोंदींनुसार ज्यांच्यात संयम कमी दिसला होता, त्यांना बत्तिसाव्या वर्षी तब्येतीच्या आणि पैशांच्या अडचणी अधिक होत्या, हे खरे आहे. पण बालपण ते तारुण्य या काळात ज्यांचा संयम वाढला, त्यांची स्थिती अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, हेही त्याच अभ्यासाने दाखवले. तुमच्या मुलाच्या हाती अजून तो सगळा काळ आहे.

प्रश्न : आमचा लॅब्रेडोर आठ महिन्यांचा आहे. जेवणाचे भांडे दिसले की अंगावर उडी घेतो, भांडे सांडतो. पाच महिन्यांचा असताना ‘बस’ म्हटले की बसायचा, आता ऐकतच नाही. ओरडून, एकदा फटका देऊनही पाहिले. (ठाणे)

उत्तर : तुमचा कुत्रा बिघडलेला नाही, तो वयात येत आहे. ब्रिटनमध्ये पुढे अंधांसाठी मार्गदर्शक होणाऱ्या लॅब्रेडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर पिल्लांवर एक अभ्यास झाला आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तीच पिल्ले पाचव्या महिन्यात सांभाळणाऱ्याची ‘बस’ ही आज्ञा जितकी पाळत होती, तितकी आठव्या महिन्यात पाळत नव्हती. लक्षात घेण्यासारखे म्हणजे, अनोळखी माणसाचे ती त्याही वयात ऐकत होती. वर्षाची झाल्यावर बहुतेक पुन्हा ताळ्यावर आली. याशिवाय लॅब्रेडोरची खादाड म्हणून असलेली ख्याती काही अंशी जन्मजात आहे. या जातीतल्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळलेला असतो आणि अशा कुत्र्यांना पोट भरल्याचा संदेश नीट पोहोचत नाही, असे 2016 मध्ये आढळले. तेव्हा जे त्याच्या रक्तातच आहे, त्यासाठी त्याला फटका देऊ नका. फटक्याने फार तर तो तुमच्या हाताला घाबरायला शिकेल. थांबल्याने फायदा होतो हे त्यातून कधीच शिकणार नाही.

शिकवण्याची रीत सोपी आहे, पण ती घरातल्या प्रत्येकाने पाळली पाहिजे. भांडे हातात घेऊन उभे राहा. तो उड्या मारत असेपर्यंत काही बोलू नका आणि भांडे छातीपाशीच ठेवा. चारही पाय जमिनीवर टेकले की भांडे हळूहळू खाली आणायला लागा. तो उठला की भांडे पुन्हा वर. पहिल्या दिवशी हे दहा-पंधरा वेळा करावे लागेल आणि तुमचीच कंबर दुखेल. भांडे जमिनीला टेकून तो एक सेकंदभर जरी थांबला, तरी लगेच ‘घे’ म्हणा. दुसऱ्या आठवड्यात तीन सेकंद, मग पाच, मग दहा. वेळ वाढवण्याची घाई करू नका, कारण तो एकदा चुकला आणि तरीही त्याला खायला मिळाले, तर दहा दिवसांचे काम वाया जाते. आजी जेवताना गुपचूप पोळीचा तुकडा टाकत असतील, तर त्यांनाही विश्वासात घ्या.

माझ्याकडे बारा वर्षे एक गावठी कुत्री होती. ती हे शिकली त्या दिवसांतले एक दृश्य मला अजून आठवते. तिच्या पुढच्या पंजापासून वीतभर अंतरावर तुपाचा हात लावलेला भाकरीचा तुकडा होता. ती बसलेली होती, ओठांच्या कडेने लाळेची तार लोंबत होती, शेपटीचे फक्त टोक हलत होते आणि मान मात्र तिने पूर्ण वळवून दाराच्या चौकटीकडे केली होती. भाकरीकडे न पाहण्याची युक्ती मी तिला शिकवली नव्हती. ती तिने स्वतः शोधली होती. वर्गात बिंग बालवाडीतल्या मुलांविषयी शिकवताना मी नेहमी तिच्या त्या वळलेल्या मानेबद्दल सांगत असे.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संयम बुद्धिमत्तेवर अवलंबून असतो का? कोणत्या प्राण्यांमध्ये तो जास्त असतो? (कोल्हापूर)

उत्तर : यावरचा सर्वांत मोठा तुलनात्मक अभ्यास 2014 मधला आहे. त्यात 36 जातींच्या साडेपाचशेहून अधिक प्राण्यांना संयमाची दोन कोडी घातली गेली. त्यांतले एक असे होते. आधी अपारदर्शक नळकांड्यात, दोन्ही टोकांनी हात घालता येईल अशा रीतीने, खाऊ ठेवला. ते जमू लागल्यावर नळकांडे पारदर्शक केले. आता खाऊ समोरच दिसतो, पण सरळ झेपावले तर काचेवर आपटायला होते. दिसणारा खाऊ सोडून बाजूच्या टोकाकडे वळावे लागते. यात चिंपांझी आणि इतर मोठे कपी सर्वांत वर राहिले. निष्कर्ष असा निघाला की शरीराच्या मानाने मेंदू किती मोठा यापेक्षा मेंदूचा प्रत्यक्ष आकार महत्त्वाचा आहे.

दोन वर्षांनी स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच कोडे कावळ्यांच्या कुळातल्या पक्ष्यांना घातले. रेव्हन हा युरोपातला मोठा काळा कावळा एकदाही काचेवर आपटला नाही. त्याचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूपुढे अगदीच लहान असतो. त्यामुळे आकाराचा नियम सर्वत्र लागू होत नाही, हे मान्य करावे लागले. पक्ष्यांच्या मेंदूत चेतापेशी फार दाटीने बसवलेल्या असतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

माझ्या मते तुमचा प्रश्न थोडा बदलून विचारला, तर उत्तर अधिक नेमके मिळते : कोणत्या प्राण्याच्या जगण्यात थांबल्याने पोट भरते? दक्षिण अमेरिकेतली मार्मोसेट आणि टॅमारिन ही दोन छोटी माकडे घ्या. दोघांचे आकारमान आणि मेंदू यांत फारसा फरक नाही. प्रयोगात मात्र मार्मोसेट जास्त खाऊसाठी टॅमारिनच्या जवळजवळ दुप्पट वेळ थांबते. मार्मोसेट झाडाची साल कुरतडते आणि डिंक पाझरेपर्यंत वाट पाहते. टॅमारिन किडे पकडते आणि किडा कोणासाठी थांबत नाही. एकाला धीराने खायला मिळते, दुसऱ्याला झडप घातल्याने. टॅमारिनला आपण अधीर म्हणतो, पण त्याच्या रानात तीच वागणूक योग्य आहे.

आणखी चकित करणारे उदाहरण समुद्रातले आहे. कोकणात ज्यांना माकूल म्हणतात त्यांच्याच कुळातल्या कटलफिशवर (ज्याचे पाठीतले पांढरे कवच आपण समुद्रफेस म्हणून ओळखतो) 2021 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका कप्प्यात कोळंबीचा तुकडा लगेच मिळत होता आणि दुसऱ्या कप्प्याचे दार काही वेळाने उघडून जिवंत, अधिक आवडीची कोळंबी मिळत होती. हे जीव 50 ते 130 सेकंद थांबले आणि त्यांतल्या काहींनी वाट पाहताना जवळच्या तुकड्याकडे पाठ फिरवली. आपला आणि त्यांचा समान पूर्वज पन्नास कोटी वर्षांहूनही मागे आहे. म्हणजे हा गुण त्यांच्यात स्वतंत्रपणे आला असला पाहिजे. कटलफिश रंग बदलून, निश्चल पडून स्वतःची शिकार होणे टाळतो आणि खायला बाहेर पडला की त्याचे हे लपणे मोडते. तेव्हा बाहेर पडायचेच तर चांगल्या घासासाठी पडावे, अशी त्यामागची उपपत्ती संशोधकांनी मांडली आहे.

चिंपांझींविषयी एक प्रयोग तुम्ही जरूर वाचा. 2007 मधल्या या प्रयोगात, जोवर चिंपांझी हात लावत नाही तोवर समोरच्या भांड्यात मिठाईची भर पडत राही. जवळ खेळणी ठेवली, तेव्हा चिंपांझी जास्त वेळ थांबले. मिठाई हाताच्या अंतरावर असताना ते खेळण्यांशी जितके खेळले, तितके ती हाताबाहेर असताना खेळले नाहीत. म्हणजे खेळ हा केवळ वेळ घालवण्यासाठी नव्हता, तर मोह टाळण्यासाठी तो त्यांनी मुद्दाम वापरला, असे मानायला जागा आहे. आरतीची घंटा मुलाच्या हाती द्या, असे वर साताऱ्याच्या वाचक भगिनींना सांगितले, ते याच आधारावर.

प्रश्न : माझी नात अकरा महिन्यांची आहे. विजेच्या प्लगकडे रांगत जाते. ‘नाही’ म्हटले की माझ्याकडे पाहून स्वतःच मान हलवून ‘नाही’ करते आणि हसत हसत पुन्हा तिथेच बोट घालते. हा हट्टीपणा आहे का? (अकोला)

उत्तर : नाही. तिला तुमचे म्हणणे कळले आहे, पण हात थांबवणारी यंत्रणा अजून तयार व्हायची आहे. मेंदूच्या वाढीच्या अभ्यासक एडेल डायमंड यांनी याच वयाच्या बाळांचा बारकाईने अभ्यास केला. खेळणे बाळाच्या डोळ्यांदेखत दोनपैकी एका जागी लपवायचे, बाळाने ते काही वेळा काढले की दुसऱ्या जागी लपवायचे. बाळ पुन्हा पहिल्याच जागी हात घालते आणि कधी कधी तर डोळे योग्य जागेकडे असताना हात चुकीच्या जागी जातो. लपवणे आणि शोधणे यांत साडेसात महिन्यांच्या बाळाला दोन सेकंदांचीही फट सोसत नाही. वर्षाच्या सुमारास ती दहा सेकंदांपर्यंत सोसते. कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हळूहळू हे काम हाती घेत असतो आणि तो पूर्ण पक्व व्हायला विशीची मध्यावस्था उजाडते. तोवर प्लगला झाकणे बसवा आणि नातीला उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्या.

प्रश्न : मी बावन्न वर्षांचा आहे आणि मला मधुमेह आहे. दिवसभर पथ्य पाळतो, पण रात्री दहानंतर फरसाणाचा डबा उघडतोच. इच्छाशक्तीचा साठा दिवसअखेरीस संपतो, असे वाचले आहे. तो वाढवता येतो का? (नाशिक)

उत्तर : साठ्याची कल्पना 1998 मधल्या एका प्रयोगामुळे गाजली. ताज्या बिस्किटांचा वास येत असताना ज्यांना फक्त मुळा खायला लावला, त्यांनी नंतर अवघड कोडे लवकर सोडून दिले. पुढे 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक माणसांवर ही कल्पना तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. रात्री तुमच्यातले काही संपलेले असते, असे मानू नका. रात्री तुम्ही एकटे असता, रिकामे असता आणि डबा हाताशी असतो, एवढेच.

या बाबतीत आपल्याला कबुतरे जास्त उपयोगी आहेत. 1972 मध्ये हॉवर्ड राक्लिन आणि लेनर्ड ग्रीन यांनी कबुतरांना दोन बटणांतून निवड करायला लावली. एकावर चोच मारली की लगेच दोन सेकंद दाणे मिळत आणि दुसऱ्यावर मारली की चार सेकंदांनंतर चार सेकंद दाणे मिळत. दोन्ही बटणे समोर असताना कबुतरे जवळजवळ नेहमी लगेचचे दाणे घेत. पण हा क्षण येण्याच्या बऱ्याच आधी, फक्त उशिराचे बटण तेवढे समोर येईल अशी वाट निवडण्याची सोय दिली, तेव्हा ती कबुतरे तीच वाट निवडू लागली. मोह दूर असताना त्यांनी मोहाचा रस्ताच बंद केला. जर्मनीतल्या वुर्झबुर्ग परिसरातल्या दोनशे माणसांच्या दैनंदिन इच्छांच्या नोंदी 2012 मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांतही हेच दिसते : ज्यांना आपण संयमी म्हणतो, ती माणसे मोहाशी जास्त झगडत नाहीत; त्यांच्या वाट्याला झगडण्याचे प्रसंगच कमी येतात.

म्हणून निर्णय रात्री दहाला घेऊ नका, सकाळी दुकानात घ्या. फरसाण घरी आणूच नका. घरच्यांना ते हवेच असेल, तर डबा माळ्यावर ठेवा आणि उतरवायला शिडी लागेल अशी व्यवस्था करा. रात्रीचे जेवण किती वाजता होते आणि झोप किती वाजता, यांतले अंतर पाहा. चार तासांचे अंतर असेल, तर लागणारी भूक खरी असू शकते. औषधाच्या वेळेमुळे रात्री साखर उतरते का, हे मात्र तुमच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा, कारण तसे असेल तर तो प्रश्न संयमाचा नसून औषधाच्या मात्रेचा आहे.